उपरण्याखालचा हात

अण्णा, “मी माणसांचे भाव करत नाही,” असं तुम्ही एकदा म्हणालात. आवाजही चढवला नव्हता. पण दुपारच्या डुलकीत ते वाक्य मला अजून ऐकू येतं, आणि त्याच्यामागून चाकणचा आपला दवाखाना हळूहळू उजळत येतो. स्टोव्हवर काचेची सिरिंज उकळते आहे, स्पिरिटचा वास आहे, दाराबाहेर कांद्याच्या गाड्यांची धूळ उन्हात तरंगते आहे. मी रिकाम्या बाटल्या धुते आहे. शाळेला सुट्टी असावी, कारण तुम्ही मला हाकललेलं नाही.

महाळुंग्याचे एक म्हातारे सुनेला बैलगाडीतून घेऊन आले आहेत. तिचा ताप उतरत नाही, छाती भरली आहे. तुम्ही पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकता, पेनिसिलीन टोचता आणि म्हणता, “आठवडाभर रोज यायचं. एकही दिवस चुकवायचा नाही.” पिंपरीला त्या औषधाचा कारखाना नुकता उभा राहिला होता, आणि लोक त्याचं नाव अंगाऱ्यासारखं जपून घ्यायचे. म्हातारे विचारतात, “डाक्टर, समदं मिळून किती व्हईल?”

“आधी पोरीला बरं वाटू दे. ते नंतर बघू.”

“तरी बी, अंदाज?”

तुम्ही लिहायला वाकलेले. मग म्हातारे खांद्यावरचं उपरणं काढतात, उजव्या हातावर पसरतात आणि तो झाकलेला हात तुमच्यापुढे धरतात. बैलबाजारात सौदा असाच होतो. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायची, चारचौघांत आकडा फुटत नाही. तुम्ही पुण्यात वाढलेले, तरी एवढं तुम्ही बाजारात पाहिलेलं होतं. म्हणूनच तुमचा चेहरा लाल झाला आणि ते वाक्य आलं. म्हाताऱ्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, सुनेला धरून गाडीत बसवलं. जाताना तिनं माझ्याकडे बघून उगीचच मान हलवली, ओळख असल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जेवताना तुम्ही म्हणालात, “अडाणी लोक. औषधातसुद्धा घासाघीस!”

आई शेतकऱ्याची लेक. तिची भाकरी तव्यावरच राहिली. “घासाघीस कुठली हो? सुनेच्या कानावर पडू नये म्हणून हात झाकला त्यांनी. आकडा ऐकला असता तर तीच म्हणाली असती, मला नको औषध.”

तुम्ही भरल्या ताटावरून उठलात, बॅग घेतलीत आणि सायकल काढलीत. परत आलात ते दिवेलागणीला, सायकल हातात धरून, चालत. ओट्यावर बसून आईला एवढंच सांगितलंत, “म्हातारा म्हणाला, तुमी आकडा सांगंना, तवाच वळखलं, आपल्याला झेपायचं न्हाई. म्हून घरीच काढा दिला.” तुम्ही तिथेच तिला सुई टोचून आला होतात, पण उशीर झाला होता. त्याच आठवड्यात ती गेली.

त्यानंतर तुम्ही कुणाकडूनच काही घेईनासे झालात. आई लुगड्यांना ठिगळं लावत राहिली आणि गाव तुम्हाला देवमाणूस म्हणू लागलं. त्या एका दुपारीतून तुम्ही हे शिकलात, अण्णा. मी दुसरंच शिकले. आता काळेवाडीत माझा दवाखाना आहे. शिफ्ट सुटली की कारखान्यातली माणसं येतात. औषध लिहिण्याआधीच मी खर्च सांगते. स्वस्तातलं कोणतं, महागातलं कोणतं, कशावाचून चालेल, हप्त्यानं कसं जमेल. मागच्या महिन्यात आपल्याकडच्याच एक आजी बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, “बाप देवमाणूस हुता, अन् लेक दुकान मांडून बसलीया!” सगळे हसले. मीही हसले. आजींनी औषध मात्र शेवटच्या गोळीपर्यंत घेतलं.

पण खरं सांगते, आकडा उच्चारताना मी अजून पेशंटच्या डोळ्यांत बघू शकत नाही. खिडकीकडे बघते, आणि तुम्ही मागे उभे आहात असं वाटत राहतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून मागायला संकोच नाही. एका सकाळी माझ्या दवाखान्यात येऊन बसा, आणि माझं खर्चाचं बोलणं संपेपर्यंत उठू नका. तुम्ही पहिल्याच पेशंटला उठून जाल, हे मला ठाऊक आहे. तरी या.