बाहेर उघडणारं दार

१९ मे, तोरणमाळ
पोचलो एकदाचा. छगन मिस्तरींच्या लोणखेड्याच्या कारखान्यातून सागाचं एक दार आणि दोन खिडक्या टेम्पोत घालून सकाळी निघालो. सगळा घाट मी मागे दारावर पालथा पडून आलो, करवंदं खात. दोन वर्षांत विसरवाडीचा ढाबा झाला, सुरत झाली, केळीचा ट्रक झाला, पण असा गार वारा कुठे लागला नाही. ही वही मिस्तरींनी मापं लिहायला दिलीय. मापंही लिहीन. मिस्तरी म्हणाले, तुन्हा पायले भिंगरी शे, आठे दहा दिन तरी टिकजो. टिकणार आहे. पळण्याचाही कंटाळा येतो माणसाला.

घर नवलसिंग आणि रूपलीबाई या जोडप्याचं. गेल्या वर्षी वावधनाने, म्हणजे इकडच्या वादळाने, जुनं दार फोडून पत्रे उचलून नेले. म्हणून हे नवं, वाऱ्याला न जुमानणारं.

२० मे
चौकट बसली. सात फूट बाय तीन. भिंतीत सहा लोखंडी पट्ट्या, दाराला आतून तीन बोल्ट. गंमत म्हणजे मिस्तरींनी दार बाहेर उघडणारं केलंय. वाऱ्याने जितकं दाबावं तितकं ते चौकटीत घट्ट बसतं. मिस्तरी म्हणतात, वारा ढकलस, वढत नई.

पण इथे जन्मभर सगळ्यांनी दार आतच ढकललंय. नवलसिंगचं कपाळ दोनदा दारावर आपटलं. रूपलीबाई म्हणाल्या, वाऱ्याचं माहीत नाही, नवरा तरी बाहेर राहिला. सगळे हसले. मग रूपलीबाईंचं हसू एकदम मावळलं आणि त्या चुलीकडे गेल्या.

मिस्तरी संध्याकाळच्या जीपने घाट उतरून परत गेले. लाकूड बसेपर्यंत मी इथेच.

२२ मे
एकच खिडकी झाली. दुसरी होणार होती, पण तलावावर गेलो आणि तिथे एका माणसाची जाळी सोडवत बसलो.

रूपलीबाईंचं हसू का मावळलं ते शेजारच्या तुळशीबाईंनी सांगितलं. गेल्या वर्षी वावधन आलं तेव्हा नवलसिंगची आई, कालीबाई, शेळ्या आणायला बाहेर गेली होती. ती शेजारी थांबली असेल असं घरात वाटलं. दारावर धक्के बसायला लागले. नवलसिंग उघडायला उठला, तर रूपलीबाईंनी त्याचा हात धरला. वारा आहे, उघडलंस तर घर जाईल, म्हणाल्या. घर तसंही गेलं. वारा पडल्यावर कालीबाई पडलेल्या दाराखाली मेलेली सापडली.

तेव्हापासून वारा सुटला की रूपलीबाईंना झोप नाही. डोळ्यांखाली राख फासल्यासारखं दिसतं.

२४ मे
दुसरी, मागची खिडकी काल बसवली. दुपारी चारला वारा. दाराने केसभर दाद दिली नाही. मी खुशीत होतो. मग धक्के ऐकले.

वाऱ्याचा दाब सगळ्या फळीवर येतो. हे धक्के एकाच जागी होते, कमरेच्या जरा वर. थांबून थांबून. वाकलेल्या माणसाने दोन्ही हातांनी ढकलावं तसे. नवलसिंग म्हणाला, फांदी असेल. अंगणात झाड नाही.

रूपलीबाई म्हणाल्या, ढकलू दे, ढकलून हे उघडत नाही ना? मी म्हणालो, नाही. त्या पहिल्यांदाच भिंतीला टेकून झोपल्या.

२५ मे
आज मी काय केलं ते लिहून ठेवतो.

सकाळी तुळशीबाई आल्या आणि दार ढकलत बसल्या. मला जोर चढला. अंगणात उभं राहून मोठ्याने सगळं सांगितलं. ढकलायचं नाही, ही मूठ धरायची, पाय उंबऱ्याला लावायचा आणि आपल्याकडे ओढायचं. तीनदा त्यांच्याकडून करून घेतलं. त्या म्हणाल्या, एवढा शिकवणारा, स्वतः शाळेत टिकला असता तर साहेब झाला असता. मी हसत होतो. हलका वारा होता. धूळ गोल फिरत आमच्यापाशी आली आणि थांबली. पडली नाही, तशीच थांबली.

रूपलीबाई आतून बघत होत्या. म्हणाल्या, भाऊ, एवढ्या मोठ्याने कोणाला सांगत होतास?

२७ मे
वारा. आज धक्के नाहीत.

मूठ वाजली. मग दार बाहेर गेलं, बोल्ट ताणले जाईपर्यंत. सुटलं. परत.

नंतर फट मोजली. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. परवा कागद जात नव्हता.

मिस्तरींना फोन केला. म्हणाले, लाकूड सुकी ऱ्हायनं, तू नको सुकू.

वारा ओढत नाही. त्यांनीच सांगितलेलं.

२८ मे
तीन सूत. बोल्टांची भोकं मोठी झालीत. लांब स्क्रू मारले. दोन वाकडे गेले.

उंबऱ्याच्या बाहेरच्या अंगाला टाचेची खूण आहे. पाय लावून ओढल्याची.

नवलसिंगला सांगू म्हणालो. रूपलीबाई नको म्हणाल्या. त्याची आई आहे, तो लगेच उघडेल. उघडलं तर ती काय करेल, विचारलं. म्हणाल्या, ते मला ठाऊक असतं तर मी झोपले नसते का.

निघून जायला हवं. जीप होती. गेलो नाही. शिकवलं मी —

२९ मे, दुपार
वावधन. नवलसिंग बैलामागे गेलाय, आला नाही. तिन्ही बोल्ट लावले. पाठ दाराला, वही गुडघ्यावर. लिहीत राहिलं की भान राहतं —

ओढतंय.

आवाज आला. नवलसिंगचा. रूपले, उघड. मी आणि रूपलीबाई, दोघांनीही ऐकला. आपलाच माणूस म्हणून मी उठलो. वरचा बोल्ट मीच काढला —

मागच्या खिडकीवर थापा. तिथेही नवलसिंग. धापा टाकतोय. म्हणतोय दारात आई उभी आहे, म्हणून मागून आलो, खिडकी उघडा, दार उघडू नका —

पुढे ओढणं चालूच.

दोन्हीकडे तोच आवाज.

रूपलीबाई उठल्या. म्हणाल्या, थकले मी. मागच्या वर्षी धरून ठेवलं, आता नाही. चुलीवरचं उतरवायला जावं तशा दाराकडे — मला बाजूला केलं — खालचा बोल्ट —

खिडकी उघडू का हिला धरू — पदर धरलाय एका हाताने — खिडकीवरचा रडतोय — मधला बोल्ट, तिचा हात आता मधल्या —