थरांमधलं लोखंड

५ जानेवारी
आज चितेगावच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. जागा माझ्या यजमानांची, सोमनाथची. मागच्या वर्षी भट्टीतली काचेची नळी फुटून ते गेले. झाडलोट करणाऱ्या मनकर्णाबाईंनी चहा दिला. म्हणाल्या, सोमनाथचा डबा परत आला व्हय, आता माझ्या भाकरीला भाजी मिळंल. लई दिवसांनी हसले. खोलीत ऊन छान येतं.

९ जानेवारी
काम समजलं. तांबं, कथील आणि गंधक नळीत भरायचं, हवा ओढून घ्यायची, तोंड वितळवून बंद करायचं. भट्टी सावकाश तापवायची. घाई केली की गंधकाच्या वाफेनं नळी फुटते. नीट जमलं तर आत काळे चकचकीत स्फटिक धरतात, अभ्रकासारखे. नखानं पापुद्रे सुटतात.
प्रयोगशाळेचे प्रमुख देवेशसाहेब, त्यांनी पोलिसांना सांगितलं होतं, सोमनाथनंच आच वाढवली. मनकर्णाबाई म्हणतात, साहेबांनी ओरडून वाढवायला लावली, मी दारातच होते. मला ते साहेबांच्या तोंडून ऐकायचंय. त्यासाठीच आलेय.

२१ जानेवारी
स्फोटानंतर भट्टीच्या विटेत एक स्फटिक रुतलेला सापडला होता. साहेब तोच बी म्हणून वापरतात, नवे स्फटिक धरावेत म्हणून त्याचे कण प्रत्येक नळीत टाकतात. क्ष-किरणांनी रचना तपासली, तर दरवेळी थरांच्या मध्ये लोखंड आणि कॅल्शियम बसलेलं. कुणी घातलेलं नाही. साहेब माझ्यावर खेकसले, नळ्या नीट धूत जा.
माझ्या ह्यांच्या पुस्तकांवरच मी वाचायला शिकले. लोखंड रक्तात असतं, कॅल्शियम हाडात.
बी पुसलं, ओंजळीत धरलं. उबदार होतं.

३ फेब्रुवारी
बी ओंजळीत धरून ह्यांना रोज सांगते, घाई करू नका. सावकाश.
आज साहेबांच्या तळहाताची साल निघाली. काळी, चकाकणारी. मलम मागितलं, मी आणून दिलं. सालीखालीही काळंच. मला बरं वाटलं.

८ फेब्रुवारी
आता मान. साहेब चालले की पत्रे घासल्यासारखा आवाज येतो. मनकर्णाबाई काम सोडून गंगापूरला गेल्या. माझ्या ओंजळीतल्या स्फटिकाकडं बघून म्हणाल्या, तू बी निघ बाई, तो आता आपला सोमनाथ नाय राहिला.
नाही गेले. साहेब अजून बोललेले नाहीत.

११ फेब्रुवारी
बोलले. भट्टीपुढं गुडघे टेकून — आच मीच वाढवायला लावली, आशाबाई, त्याला आवरा. पोलिसांनाही फोनवर तेच सांगितलं.
झालं माझं. बी हातात घेतलं. म्हटलं, पुरे, सोडा आता त्यांना.
निवत नाही. उलट तापतंय —

१२ फेब्रुवारी
साहेब खुर्चीत. नुसते पापुद्रे — आत माणूस नाही.
पुरे म्हटलं ना. ऐकत नाहीत —
बी सापडेना. माझ्या तळव्यात गेलंय. साल ओढली. काळं. अजून एक. त्याखाली — ह्यांची बोटं. माझी बोटं धरून. घाई नको, म्हणतात. सावकाश — साव