गेनबामामांचा मान

कांडला, ता. १० मार्च १९८४

ति. मैनाअक्कास,
जयसिंगचा दंडवत.

मी मजेत हाय. बंदरावर क्रेनला हूक लावायचं काम मिळालंय. आधीचं सोडलं म्हणून रागावू नकोस. माझं बूड एका जागी टेकत नाही, हे तुला काय नवं?

तुझ्या विश्रांतवाडीच्या वाचनालयातला बेत वाचला. दर रविवारी रहस्यकथेचं एक प्रकरण वाचायचं आणि देवाचा मुखवटा कुणी चोरला ते पोरांनी ओळखायचं. पण अक्का, नुसतं ऐकून पोरं जांभया देतील. मी चौथीतून पळालो तो त्याच्यापायीच. पुस्तकात लंगड्या माणसावर संशय हाय ना? मग आपले गेनबामामा आहेतच की! वाचनालयाचं कुलूप तेच उघडतात. तू वाचत असताना घोंगडी पांघरून त्यांना खिडकीवरून जायला सांग. सोंग करायला नको, पाय आधीच अधू हाय. पोरं टरकतील बघ.

दाजींना रामराम. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
जयसिंग

विश्रांतवाडी, ता. २६ एप्रिल १९८४

चि. जयसिंग यास अनेक आशीर्वाद.

तुझी युक्ती फार चालली. बसायला जागा पुरेना. मामाही खुशीत असायचे, घोंगडी स्वतः झटकून आणायचे.

मग भैरोबाची जत्रा आली. मुखवटा देवळात न्यायचा मान मामांचा. उपाशीपोटी, अनवाणी ते निघाले आणि माझ्या वाचनालयातलीच पोरं ओरडली, की सापडला, लंगडा चोर सापडला! पाहुणेरावळे हसले. कुणी विचारलं, फौजदाराला बोलवायचं का. मामांनी मुखवटा शेजारच्या दत्तोबाच्या हातात दिला आणि घरी गेले.

पुढच्या रविवारी मी शेवटचं प्रकरण वाचलं. चोर दुसराच निघाला. पोरं धावत मामांकडे सांगायला गेली, की तुम्ही चोर नाही. मामांनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे दिले आणि म्हणाले, बरं झालं बाबांनो, मला घोरच लागला होता. पण किल्ली माझ्याकडे पाठवून दिली, आणि यापुढे मुखवटा दत्तोबानेच न्यावा असं गावाला कळवलं. मी समजवायला गेले, तर म्हणाले, तुझ्यावर राग नाही पोरी, पण आता चालताना माझा पाय मलाच दिसतो.

तू सुचवलंस, पण केलं मी. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी अक्का,
मैना

कांडला, ता. ४ मे १९८४

ति. गेनबामामांच्या पायांवर डोकं ठेवतो.

अक्कानं सगळं कळवलं. तिला बोल लावू नका, अक्कल माझी होती. रजा मागितली, मुकादम नाही म्हणाला. नोकरी सोडून आलो असतो, पण ती तर मी कशापायीही सोडतो, तुम्हाला त्याचं काय मोल वाटणार?

मामा, पोरांच्या गमतीला मला साऱ्या गावात तुम्हीच का आठवलात, ते आता कळतंय. पाय अधू म्हणून नाही. तुम्ही कुणाला नाही म्हणत नाही, म्हणून. मी शाळा बुडवून यायचो, तुम्ही घरात घ्यायचात. अक्कानं घोंगडी घ्यायला सांगितली, तुम्ही पांघरलीत. जन्मात एकदाच नाही म्हणालात, ते भैरोबाला. आणि ते मी म्हणायला लावलं.

शिव्या द्या, पण आपला म्हणून द्या.

तुमचा भाचा,
जयसिंग