आयने घातलेलं गाऱ्हाणं

नालासोपारा, शिमग्यानंतरचा रविवार, संध्याकाळ

देवरूखच्या मुलीकडून नकार आला. आय फोनवर रडत होती. "बाबू, त्यांना तुझ्या शुगरचं कळलं कसं रे? कोण जळतंय आपल्यावर?"

तिला काय सांगू? कळलं ते तिच्यामुळेच.

शिमग्यात पालखी आमच्या अंगणात आली, तेव्हा मला रजा मिळाली नव्हती. चुलतभावाने व्हिडिओ पाठवला होता, तो आज परत लावला. आयने गुरवाकडून माझ्यासाठी गाऱ्हाणं घालून घेतलंय. गुरव मोठ्याने म्हणतो, "हिच्या पोराच्या अंगातली साखर जाऊ दे, रोजची सुई सुटू दे, यंदा त्याचं लगीन होऊ दे." आणि सगळी वाडी म्हणते, होय महाराजा.

देवाला सगळं उघड सांगावं लागतं, एवढंच तिला ठाऊक. माणसंपण ऐकतात, ते तिच्या ध्यानातच आलं नाही. मी मुलीला स्वतः सांगणार होतो. समोर बसून. इथे खोलीवरच्या पोरांपासून इंजेक्शन फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीमागे लपवतो, तसं तिच्यापासून लपवायचं नव्हतं.

आयला म्हटलं, "कळतं कुठूनतरी. तू जेवून घे."

"तू जेवलास?"

जेवणाआधीची सुई घ्यायची होती अजून. हो म्हटलं.

व्हिडिओ पुन्हा लावला. मुलीचे मामा आमच्याच वाडीतले. पालखीजवळ उभे आहेत, हात जोडून, डोळे मिटून. तेपण म्हणतायत, होय महाराजा. अगदी मनापासून म्हणतायत.