तुमच्या तत्पर नकाराबद्दल

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन-तीन अंगं आज रागाने वाकायला तयार नाहीत, उरलेल्यांचा नमस्कार गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या डोळ्याची पट्टी निघाली का? इकडे सारे खुशाल आहेत. म्हणजे माझ्याखेरीज सारे.

तुमच्या न्यासाचं पत्र मिळालं. परवा मी अर्ज केला आणि काल नकार! मामा, ही काय माणसाशी वागायची रीत झाली? सरकारी खातं 'नाही' म्हणायला दोन वर्षं घेतं. तेवढा काळ माणूस 'प्रस्ताव विचाराधीन आहे' असं ताठ मानेने सांगत हिंडतो, त्या भरवशावर घराला रंगसुद्धा काढतो. तुम्ही मात्र माझी आशा, कारखान्यात टवका गेलेलं बटण पट्ट्यावरून उचलून फेकावं, तशी फेकलीत. (जन्मभर बटणं विकलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा, असं मी म्हणणार होतो, पण माझ्या कॉलेजची फी त्याच बटणांतून गेली, म्हणून म्हणत नाही.)

शिवाय हा न्यास निघाला कुणामुळे? तुमच्याच जेवणाच्या टेबलावर मी तासभर बोललो होतो. मामी दोनदा म्हणाल्या, "अरे, घास तरी घे." पण मला कुठली भूक! श्रीमंत लोक इमारती देतात, कारण इमारतीला दार असतं आणि दारावर नाव कोरता येतं. आत काचेच्या नळ्या धुणाऱ्याच्या पगाराला दमडी मिळत नाही. सरकार पैसे देतं, पण तोवर प्रश्न विचारणारा निवृत्त झालेला असतो. थोडे द्या, लवकर द्या, फसेल अशा गोष्टीला द्या, आणि जे जमेल ते विकत घ्यायचं वचन सरकारने आधी द्यावं. मग बघा विज्ञान कसं पळतं, असं मी म्हणालो. तुम्ही डोळे मिटून बसला होतात. मला वाटलं, लागली डुलकी. पुढच्याच वर्षी तुमचा न्यास उभा: अर्ज एक पानी, उत्तर दोन दिवसांत! एवढ्यावर न थांबता तुम्ही नगरपालिकेच्या पाणीखात्यात जाऊन असे ठिय्या देऊन बसलात, की तुम्हाला उठवण्यासाठी त्यांनी जाहीर करून टाकलं: पाणी तपासायची खात्रीची पट्टी जो करील, त्याच्याकडून आम्ही प्रत्येक शाळेसाठी ती विकत घेऊ. सगळं माझंच भाषण, शब्दाला शब्द. आणि वाढप्यालाच ताट नाही!

आमची पट्टी तुम्हाला ठाऊक आहे. पाण्यात बुडवायची, पाणी दूषित असेल तर निळी होते. ती माझ्याबरोबर बनवणारी मुलगी (तीनदा पगार थांबला तरी गेली नाही, म्हणून संस्थेत तिला सगळे 'चिवट' म्हणतात) तिची नेमणूक महिनाअखेर संपते आहे. शाम्पूच्या कंपनीने तिला बोलावलंय. ती गेली की पट्टीही गेली. मी एकटा उरलो, तर फार तर आणखी भाषणं करीन.

आणि तुम्ही पैसे दिलेत कुणाला? माझ्या खोलीत समोरच्या टेबलावर घोरणाऱ्या त्या गृहस्थाला! त्याला विटांवर शेवाळ वाढवून विटा मजबूत करायच्या आहेत. त्याच्या अर्जाची सुरुवातच 'हे बहुधा जमणार नाही' अशी होती, आणि न जमण्याची कारणं पानाच्या मागच्या बाजूपर्यंत गेली होती. आता तो सगळ्यांना चहा पाजत हिंडतो आहे. माझ्या कपातून.

माझ्या अर्जात 'हे कुठे फसेल?' या प्रश्नापुढे मी लिहिलं होतं, 'फसण्याची शक्यता नाही.' त्याखाली तुमच्या अक्षरात शेरा: 'मग संशोधन कशाला? दुकान टाक.' मामा, वीस वर्षं मी सरकारी अर्ज भरतो आहे. तिथे 'फसू शकेल' लिहिलं की आधी फाइलच फसते. ते वाक्य आता माझ्या बोटांतून आपोआप उतरतं. डोक्याला त्याची वर्दीही जात नाही. चिवटने शेरा वाचला आणि हसली. म्हणाली, "सर, मामा अगदी तुमच्यासारखं बोलतात हो. म्हणजे, तुम्ही आधी बोलायचात तसं." मी म्हटलं, "कामाला लाग." ती म्हणाली, "किती दिवस?"

इथवर लिहून मी स्वतःला विचारलं, राग नकाराचा आहे की तुमच्या त्या एका ओळीच्या शेऱ्याचा? उत्तर मिळालं. आवडलं नाही, म्हणून लिहीत नाही. तेव्हा मामा-भाच्याचं नातं राहील, न्यासाचं आणि अर्जदाराचं संपलं असं समजावं. मामींना नमस्कार, त्यांना मात्र आठही अंगांचा.

तुमचा, विचाराधीनसुद्धा न उरलेला,
भाचा

ता. क. पट्टी उन्हाळ्यात फसते. तापलेल्या टाकीतल्या चांगल्या पाण्यातही निळी पडते. म्हणजे एखादी शाळा चांगलं पाणी ओतून देणार, मुलं तहानलेली घरी जाणार, आणि असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा खरोखरच्या निळ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. असं का होतं ते आम्हाला माहीत नाही. चिवटला एक शंका आहे, मला दुसरी. दोन्ही चुकीच्या निघू शकतात. शोधायला एक उन्हाळा आणि तेवढ्या दिवसांचा तिचा पगार लागेल. हा नवा अर्ज समजावा. अर्ज एक पानी हवा, तर आधीची पानं फाडून टाकावीत.

आणखी एक ता. क. हे पत्र घेऊन तुमच्या दारात उभी आहे ती चिवटच. शाम्पूवाल्यांना तिने उद्या सकाळी उत्तर द्यायचं आहे. आणि तुम्ही म्हणे दोन दिवस घेता! मामा, दोन दिवस? हा असला सरकारी कारभार तुम्हाला शोभत नाही.