बासष्टावी बाई

नाशिक,
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

प्रिय भाग्यश्री,

कशी आहेस? हे पत्र तुझ्या आईच्या हातून तुला मिळेल. फोनवर लिहिलं असतं तर तू ते न उघडता तसंच ठेवलं असतंस, आणि त्यात तुझं काही चुकलं नसतं. पण लिहिलेला कागद तू फेकत नाहीस. नोंदणी कार्यालयाबाहेरच्या चहाच्या पावत्यासुद्धा तू जपून ठेवल्या होत्यास, पाठीमागे कुणाचं तरी म्हणणं टिपलेलं होतं म्हणून.

इकडे तसं ठीक चाललंय. थंडी गेली म्हणेपर्यंत परत आली. कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते खणलेत, त्यामुळे कॉलेजला पोचायला पाऊण तास लागतो. माझा उजवा गुडघा जिना चढताना बोलायला लागलाय. लायब्ररीतल्या तुझ्या खिडकीपाशी कुणीतरी बंद पडलेला कूलर आणून ठेवलाय. तो दुरुस्तही होत नाही आणि तिथून हलतही नाही. परवा पहिल्या वर्षाच्या एका मुलानं विचारलं, "मॅम, परीक्षेला येणारं तेवढंच सांगा ना." मला हसू आलं. तू नेमकं परीक्षेला न येणारं विचारायचीस.

बुधवारी सकाळी मी फूलबाजारात गेले होते. फुलं घ्यायला नाही, तुझी खबरबात विचारायला. तुझे वडील वाळूभाऊ गाडी लावायला गेले होते. तुझी आई, भागुबाई, शेवंतीच्या क्रेटपाशी बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "अगं बया, मॅडम! लय वाळल्या तुमी. डबा खाता का नुसता नेता न् आनता?"

मी तुझं विचारलं.

"ती व्हय? सिन्नरला कंपनीत लागली. सकाळच्या जीपनं जाती. हापिसात कागदं लावून ठेवायची. बरं चाललंय."

"आणि तो अर्ज? या वर्षीही भरता येतो. मार्चअखेरपर्यंत मुदत आहे."

त्यांनी फुलांवर पाणी शिंपडलं. मग माझ्याकडे न बघता बोलल्या. "नाय म्हनती. समदी कागदं गोणीत बांधली आन माळ्यावर टाकली. मी म्हनलं, पोरी, एवढी राबली तू त्याच्यापायी. तर म्हनती, आई, ते पत्र मीच लिव्हलं व्हतं. मॅडमनी वाचलं. त्यांना एक शब्द बदलावा वाटला नाय. म्हंजी मी तेवढीच हाये."

मी पिशवीचे बंद उगाच सारखे केले. भागुबाईंना वाटलं, मला लागलं. "तुमी वाईट वाटून घेऊ नका. पोरगी तुमाला नावं नाय ठेवत," असं म्हणून त्यांनी ओंजळभर शेवंती माझ्या पिशवीत टाकली. पूर्वी तू गुरुवारी आणायचीस तशीच, पिवळी, देठाला ओल असलेली.

मी ती घरी येऊन पाण्यात ठेवली. आज रविवार. अजून टवटवीत आहे.

तुझ्या त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पण तिथपर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल.

तू बेल्जियमच्या विद्यापीठाची जाहिरात छापून आणलीस तो दिवस आठवतो? कायद्यातली पीएचडी, चार वर्षं, दरमहा पगार. वाळूभाऊंनी मला फोन करून विचारलं होतं, "शिकायचं आन वर पगार? फसवनूक तर नाय ना मॅडम?" मी त्यांना अर्धा तास समजावत होते की तिकडे पीएचडी करणाऱ्याला कामावर ठेवल्यासारखं ठेवतात. शेवटी ते म्हणाले, "मंग आमच्या वावरात पीएचडी करून ऱ्हायलो म्हना की आमी, बिनपगारी." तू शेजारी उभी राहून हसत होतीस. मला फोनवर ऐकू येत होतं.

तुझा विषय हक्कसोडपत्राचा. एलएलएमच्या प्रबंधासाठी तू तालुक्याच्या नोंदणी कार्यालयाबाहेर पाच महिने बसलीस. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडून देणाऱ्या एकसष्ट बहिणींशी बोललीस. प्रत्येकीला पहिला प्रश्न हाच की सही करण्याआधी कागद कुणी वाचून दाखवला का. आणि शेवटचा, मग सही का केलीत. बहुतेकींचं उत्तर तू मला वहीतून वाचून दाखवलं होतंस: भाऊ तुटू नये म्हणून. मी तेव्हा उठून चहा टाकायला गेले. तुला वाटलं, मला कंटाळा आला.

अर्जाला मार्गदर्शकाचं शिफारसपत्र लागत होतं. आपल्याकडची पद्धत तुला माहीत आहे. विद्यार्थी पत्र मागायला आला की शिक्षक म्हणतो, तूच लिहून आण, मी सही करतो. माझ्या सरांनी मला तसंच सांगितलं होतं. मी तुला सांगितलं. तू विचारलंस, "मॅडम, स्वतःबद्दल चांगलं कसं लिहायचं?" मी म्हटलं, "लिही गं, मी बघते मग."

तू दोन परिच्छेद आणलेस. विद्यार्थिनी नियमित आहे, आज्ञाधारक आहे, दिलेलं काम वेळेत पूर्ण करते, शेतकरी कुटुंबातली असून वडीलधाऱ्यांचा मान राखते. त्या एकसष्ट बायका त्यात कुठेच नव्हत्या. पाच महिने नव्हते. तुझे ते प्रश्नही नव्हते. मी ते कॉलेजच्या कागदावर घेतलं, सही केली, आणि विद्यापीठानं पाठवलेल्या लिंकवर चढवून दिलं.

पहिल्या यादीत तुझं नाव आलं. मग मे महिन्यात नकार आला, आणि मागोमाग तिथल्या प्राध्यापक बाईंच्या चार सौजन्याच्या ओळी. संशोधनाचा आराखडा आम्हाला आवडला होता, पण मार्गदर्शकाच्या पत्रावरून ही उमेदवार स्वतंत्रपणे काम करू शकेल असा भरवसा वाटला नाही. जूनमध्ये तू ते छापून माझ्याकडे घेऊन आलीस. खुर्चीच्या कडेवर बसलीस. म्हणालीस, "मीच लिहिलं होतं ना मॅडम. मलाच नीट लिहिता आलं नाही." आणि मी, सव्वीस वर्षं कायदा शिकलेली आणि शिकवलेली बाई, काय म्हणाले? "पुढच्या वेळी बघू."

तू डोळे पुसले नाहीस, कारण रडलीच नव्हतीस. पिशवी उचललीस आणि "येते" म्हणालीस. त्यानंतर आली नाहीस.

आता इथे एक सोपी वाट आहे. तेव्हा परीक्षेचं काम होतं, फायलींचे गठ्ठे होते, मी घाईत न वाचता सही केली, असं लिहिलं तर तू लगेच मला माफ करशील. तुला बरंही वाटेल, कारण मग मॅडमनी तुला तेवढीच समजलं नव्हतं, नुसता हलगर्जीपणा झाला. हे वाक्य मी सकाळपासून तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

मी ते पत्र वाचलं होतं, भाग्यश्री. दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना मला कळलं होतं की असं पत्र तिकडे गेलं तर तुझं काम होणार नाही. आज्ञाधारक हा शब्द तिकडे कौतुकाचा नाही, हे मला माहीत होतं. लाल पेन हातात होतं. मी टोपण काढलं, आणि परत लावलं.

का, ते मला त्या दिवशीही कळलं होतं. आई गेल्यापासून माझ्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. आठवड्यातून एकदा, गुरुवारी, तू यायचीस. फुलं ठेवायचीस, ओट्याला टेकून उभी राहायचीस आणि एखाद्या निकालावर माझ्याशी भांडायचीस. चहा थंड व्हायचा. तू चार वर्षं गेलीस की परत कशाला येशील, असं माझ्या मनात आलं. बस, एवढंच. तू मोठी होशील याचा मला त्रास नव्हता. तू जाशील याचा होता. मी तुला अडवलं नाही, काही वाईटही लिहिलं नाही. तूच तुझ्याबद्दल कमी लिहून आणलं होतंस, ते मी तसंच जाऊ दिलं.

आणि तरी तू गेलीसच. बेल्जियमला नाही, सिन्नरला.

आणखी एक सांगायचं राहिलंय. तुझ्या वहीत एकसष्ट बायका आहेत. बासष्टावी रोज तुझ्यासमोर बसत होती.

माझे वडील गेल्यावर, बारा वर्षांपूर्वी, पंचवटीतल्या आमच्या घराचं हक्कसोडपत्र दादानं करून आणलं. "श्यामा, हवं तर वाच," म्हणाला. मी वाचलं. स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, असं त्यात होतं. मीच वर्गात मुलांना सांगते की हे शब्द असले तर सावध व्हा. वहिनीनं त्या दिवशी माझ्या आवडीच्या सांज्याच्या पोळ्या केल्या होत्या. त्या घराच्या दारात माझी चप्पल पुढेही दिसावी, भाऊबीजेला ताट मांडलेलं असावं, एवढंच मला हवं होतं. मी सही केली. दोन वर्षं भाऊबीज झाली. मग दादानं घर विकलं आणि ते पुण्याला गेले. आता भाऊबीजेला त्याचा व्हिडिओ कॉल येतो. वहिनी कॅमेरा ओवाळणीच्या ताटाकडे वळवते.

तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मला वाटायचं. पण तू विचारणार नाहीस हेही मला माहीत होतं. मॅडमला कोण विचारतं?

दोन्ही वेळेला मला भीती एकच होती, माणूस तुटेल ही. पहिल्या वेळी मी माझा हक्क सोडला. दुसऱ्या वेळी तुझा सोडून दिला, आणि तो सोडायला माझा नव्हता.

माझी माफी मागायची पद्धत तुला ठाऊक आहे, मी काहीतरी खायला करते. या वेळी तसं काही केलेलं नाही. या पाकिटात दुसरा एक कागद आहे. तुझं शिफारसपत्र. तीन पानं झाली. त्यात त्या एकसष्ट बायका आहेत. ज्या म्हातारीनं तुला हाकलून दिलं आणि मग परत बोलावून दीड तास सांगितलं, ती आहे. सोळाव्या बाईनंतर तू प्रश्नांचा क्रम का बदललास ते आहे. तू माझ्या तीन चुका दाखवल्यास, त्याही आहेत. त्यातलं एकही विशेषण तू लिहिलेलं नाही.

सहीची जागा मोकळी ठेवली आहे. आधी तू वाच. न पटेल ते खोड. हे पत्र माझ्याकडून नको असेल तर दुसऱ्या कुणाकडून घे, मला कारण सांगू नकोस. अर्जच करायचा नसेल तर तेही ठीक, सिन्नरच्या नोकरीत तुला बरं वाटत असेल तर मी कोण बोलणारी? फक्त तू तेवढीच आहेस असं समजून थांबू नकोस. ते खरं नव्हतं. तुझं ते पत्र मी वाचत होते तेव्हाही ते खरं नव्हतं.

हे पाकीट मी या बुधवारी बाजारात भागुबाईंकडे देईन, त्या पुढच्या बुधवारी परत येतील. तीन पानांचा कागद त्यांच्याकडे परत आला तर मी सही करून त्याच दिवशी पाठवीन. नाही आला तर शेवंती घेऊन घरी येईन. तू येशील अशी वाट बघणार नाही. बघितली तरी तुला कळू देणार नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला आहे. तो खरा आहे.

श्यामला वेणीमाधव गायधनी