हनुमंताच्या साखरेचा रिपोर्ट

लोहगडवाडी,
सोमवार

न्हाई रे बाबा, तुला साखर न्हाई. आता निवांत नीज, आन् तुझ्या बायकूनं, चंपानं, लाडवाचा डबा कुटं दडवलाय ते तुला ठावं हायच. हनुमंता, अक्काचा आशीर्वाद घे. तिकडं कान्ह्यात घरची समदी बरी असाल, चंपाची कंबर, म्हशीचा पाय ठीक असंल, आन् तू सोडून बाकीची कामाला लागली असतील. फोन सोडून कागद का धाडला म्हणशील, तर त्याला कारण तूच. मी ‘सुई’ म्हटलं की तुझ्याकडची रेंज जाती. म्हणून ह्यो कागद कोमलच्या हाती देते (लॅबातली पोरगी, मागच्या हप्त्यात आमच्या ओसरीवर तुझं रक्त काढलं तीच).

माझं इचारलंस, तर आपरेशन अजून लांबलंय. पोटातली गाठ जिथं व्हती तिथंच हाय, माझ्यापरीस निवांत. अंगावरून जाऊन जाऊन रक्त निम्म्यावर आलंय, तवा आधी रक्त भरायचं, मग गाठ काढायची, असं तळेगावचा डॉक्टर म्हणाला. मी म्हटलं भरा की, जीपमधी डिझेल भरत्यात तसं. पण माझा ग्रुप बघता बघता त्यांचीच तोंडं उतरली. पयलं म्हणाले ओ. मग ओ-ची बाटली आणून दोन्हीचा थेंब काचेवर मिसळला, तर नासक्या दुधावानी गुठळ्या. शेवटी मोठ्या लॅबातनं कळलं की माझं रक्त बॉम्बे ग्रुपचं, दहा हजारांत एखाद्याचं. दिसायला ओ, पण ओ चालत न्हाई, दुसरं कुठलंच चालत न्हाई, तसलंच लागतंय. (मुंबईत पयल्यांदा सापडलं म्हणून ते नाव. मी जल्मात एकदाच मुंबईला गेलते, ते बी ह्यांच्या चुलत्याच्या मातीला. तितनं लागण झाली न्हाई ना, ते डॉक्टरला इचारून घेतलं.)

ही गोष्ट वाडीत फुटली आन् आमचा दीर दत्तोबा पेटला. म्हणाला, ‘वैनी, आपली समदी भावकी एका रक्ताची, एका बाटलीचं काय घिऊन बसलीस.’ मी माहेरचं रक्त घिऊन आलेली, त्यांच्या भावकीचा हितं काय संबंध, हे मला कळत व्हतं. पण टेम्पो फुकट मिळत व्हता, म्हणून गप ऱ्हायले. बांधावरनं कोर्टात गेलेली दोन घरं येकाच टेम्पोत बसली, येकाचं तोंड केबिनकडं, दुसऱ्याचं फाळक्याकडं. समद्यांनी बाह्या वर केल्या आन् समद्यांच्याच गुठळ्या झाल्या. दत्तोबाला लय लागलं. म्हणाला, आमचं रक्त चालंना, मग इतकी वर्सं आमच्या घरचं जेवण कसं चाललं. शेजारचा जीपवाला बद्रुद्दीन बी आला व्हता. त्याच्या बी गुठळ्याच, भावकीच्या व्हत्या हुबेहूब तशाच. मी दत्तोबाला मुद्दाम दोन्ही काचा शेजारी धरून दावल्या. तो उठून चहा सांगायला भाईर गेला.

पुण्याच्या रक्तपेढीनं लय हुडकलं. तसल्या रक्ताची एक बाई सापडली सोलापूरकडं, पण ती नुकती बाळंत झालेली, तिचं कसं घ्यायचं. हिकडं मी दोन भाकरी थापल्या की चुलीम्होरं बसून धापा टाकते. गडावर जाणारी पोरं पिठलं मागत्यात आन् मलाच पाणी देऊन जात्यात. डॉक्टर म्हणाला, ‘मावशी, सख्खं भावंड हाय का? हे आईबापाकडनं येतंय, चौघांत एकाचं जुळंल.’ मी म्हटलं, एक भाऊ हाय, पण तो धरू नका. बैलाला इंजेक्शन देत व्हते आन् दोर धरून उभा असलेला ह्यो गडी आडवा झाला, जनावरांच्या डॉक्टरनं बैल सोडून ह्याच्यावर पाणी मारलं. (बैल पुढं कितीक दिस तुझ्याकडं येगळ्याच नजरंनं बघायचा, मी पाह्यलंय.) तवा तू काळजी करू नको. धाकट्या भावाला असल्या तरासात घालू नये एवढी अक्कल मला हाय.

तुझी अक्का,
नंदाबाई

ता. क. येताना घरचा इंद्रायणी तांदूळ आण, हितं संपत आलाय. येताना म्हंजे कुटं, ते खाली लिवते.

आणखी एक. गुरुवारी सकाळी तळेगावच्या दवाखान्यात ये. पोटभर खाऊन ये, बाही सैल असलेला सदरा घाल. चंपाला सांगितलंय, ती तुझा हात धरून आणंल. सुई त्या दिवशीच्यापरीस जरा जाड असती, पण पदर मी धरते.

आता ऱ्हायलेलं सांगून टाकते. त्या दिवशी ओसरीवर तुझ्या डोळ्यावर पदर धरून नळी भरून घेतली, ती साखरंसाठी नव्हती. कोमल नको नको म्हणत व्हती, मीच शपथ घातली, तिला बोलू नको. तुझा थेंब माझ्या थेंबात मिसळला, हनुमंता, येक गुठळी झाली न्हाई. पाण्यात पाणी. तू न्हाई म्हणलास तर मी ओढून नेणार न्हाई, पण दुसरं कुणी न्हाई मला.

साखर तपासलीच न्हाई. लाडू जरा दमानं खा.